आईचा गुरुवार

आमच्या घरात मूळची चार माणसं. चौघंही लिहितात, आणि प्रत्येकाला मनातून वाटतं की खरे लिहिणारे आपणच, बाकीचे तिघं हौशी. अण्णा, म्हणजे माझे वडील, भोसरीच्या एका वर्कशॉपात लेथवर काम करायचे आणि एकांकिका लिहायचे. दादा माण गावातल्या एका आयटी कंपनीत आहे आणि गझला लिहितो. त्यातली एखादी बरी असते. मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढते, घरी येऊन कथा लिहिते, आणि त्यातल्या चुका आई काढते. राहिली आई. ती काय लिहिते हे सांगायलाच हा लेख लागणार आहे.

हे लिहायला तिघांचीही परवानगी घेतली आहे. अण्णांनी लगेच दिली, दादानं दोन दिवस भाव खाल्ला, आणि आईनं अट घातली की कुणाचंही नाव घालायचं नाही. आमच्याकडे न विचारता घरच्या माणसावर एक ओळही लिहिता येत नाही. बाहेरच्यांना हे थोतांड वाटतं. दादाच्या बायकोलाही लग्नानंतर पहिलं वर्षभर वाटायचं. पण ही पद्धत एका दिवसातून आली, आणि त्या दिवसावरून आम्हा मायलेकींची गेल्या वर्षी चांगलीच जुंपली.

आई-अण्णा मूळचे धाराशिवकडचे. लग्न झाल्यावर भोसरीत एका चाळीत खोली घेतली. दहा खोल्या, दहा जिल्ह्यांची माणसं आणि नळ एक. पाणी सकाळी तासभर. आई सातवी शिकलेली, अंगानं बारीक, आणि गावाकडून आलेली म्हणून सुरुवातीला भिऊन असायची. नळावर तिला कुणी बोललं की तिथं तिच्या तोंडून शब्द फुटायचा नाही. मग घरी आल्यावर एकेक उत्तर सुचायचं. यावर तिनं स्वतःच एक तोडगा काढला. उद्या जे भांडण होणार, ते ती आजच स्वयंपाक करताना करून ठेवायची. भाकरी थापता थापता स्वतःचं बोलणं म्हणायची, आणि समोरच्या बाईचंही म्हणायची, त्या बाईच्या आवाजात, तिच्या गावच्या बोलीत. शेजारच्या काकू चिपळूणकडच्या. त्यांचं ते 'गो बाय' आई असं म्हणायची की मी चार-पाच वर्षांची असताना काकू आत आल्या आहेत असं समजून स्वयंपाकाच्या कोपऱ्याचा पडदा बाजूला करून बघायचे. गंमत अशी की या भांडणात आई नेहमी हरायची. स्वतःला चांगलं वाक्य द्यायची आणि समोरचीला त्याहून चांगलं. दुसऱ्या दिवशी नळावरचं खरं भांडण अगदीच मिळमिळीत व्हायचं, कारण तिथं समोरच्या बायकांना आईनं लिहून दिलेली वाक्यं येत नसत.

लिहून दिलेली असं मी आत्ता म्हणते. तेव्हा तिच्या हातात कागदही नव्हता.

कागद अण्णांच्या हातात होता. रात्रीची तिसरी पाळी करून आले की अण्णा पडद्याच्या अलीकडे झोपायचे, म्हणजे डोळे मिटून पडायचे. वर्कशॉपातली रद्द झालेली जॉबकार्डं ते घरी आणायचे. त्याच्या एका बाजूला कोणता पार्ट, किती नग हे छापलेलं असतं आणि मागची बाजू कोरी असते. आमच्या घरातलं सगळं साहित्य या मागच्या बाजूवर झालं आहे. तर अण्णा पडल्या पडल्या आईचं भांडण ऐकत आणि जॉबकार्डावर उतरवून घेत. एका वर्षी कामगारांच्या एकांकिका स्पर्धेला त्यांनी जी एकांकिका दिली, ती म्हणजे एक बाई स्वयंपाकघरात एकटीच दोघींचं भांडण भांडते, दुसरीचं चिपळूणच्या बोलीत. वर्कशॉपातल्याच मंडळींनी बसवली, बाईच्या कामाला तेवढी बाहेरून एक नटी आणली. पहिल्या फेरीत लोक हसून हसून बेजार झाले.

आमच्या चाळीतला एक जण त्या नाटकात पडदा ओढायला होता. त्यानं येऊन चाळभर सांगितलं. दुसऱ्या दिवशी आई घागर घेऊन नळावर गेली तेव्हा एकीनं विचारलं, आज काय पाठ करून आलीस गं. बाकीच्या हसल्या. चिपळूणच्या काकू हसल्या नाहीत. त्यांनी घागर उचलली आणि निघून गेल्या, आणि आमच्याशी बोलणं बंद केलं. आईला नाटकाबद्दल अण्णांनी काहीच सांगितलेलं नव्हतं. तिला ते असं नळावर कळलं.

ती अण्णांना एक शब्द बोलली नाही. फक्त स्वयंपाकघरात बोलायची बंद झाली. तवा वाजायचा, भाकरी पलटायची, पण आवाज नाही. मला तेव्हाचं फार आठवत नाही, पण घर एकदम मोठं आणि रिकामं वाटायला लागलं होतं, एवढं आठवतं.

स्पर्धेची अंतिम फेरी चिंचवडच्या नाट्यगृहात होती, गुरुवारी. भोसरीच्या कारखान्यांना सुट्टी गुरुवारची, म्हणून. अण्णा सकाळीच गेले. मी आणि दादा शाळेत. शाळा सुटून आलो तर खोलीला कुलूप. आईनं कधी कुलूप लावलेलं आम्ही पाहिलं नव्हतं. किल्ली चिपळूणच्या काकूंकडे दिली होती, म्हणजे ज्यांच्याशी बोलणं बंद होतं त्यांच्याकडेच. काकूंनी आम्हाला घरात घेतलं, गरम भात वाढला आणि आई कुठं गेली या प्रश्नाला उत्तर दिलं नाही. संध्याकाळी अण्णा एका मित्राच्या स्कूटरवर बसून आले. लेखनाचं पहिलं बक्षीस मिळालं होतं, हातात लाकडी ढाल होती. कुलूप बघितलं, आणि ती ढाल मांडीवर घेऊन ते उंबऱ्यावर बसून राहिले. काकूंकडून किल्ली घ्यायचंही त्यांना सुचलं नाही.

आई दिवेलागणीला आली. अंगावर जांभळी साडी, हातात कापडी पिशवी. थंडीचे दिवस होते. तिनं काकूंकडून किल्ली घेऊन कुलूप उघडलं, पिशवीतले मटार जमिनीवर ओतले आणि म्हणाली, सोला. आम्ही चौघं गोल बसून मटार सोलायला लागलो. अर्धे झाल्यावर ती बोलली. ते शब्द मला जसेच्या तसे पाठ आहेत, कारण दादानं ते दुसऱ्या दिवशी जॉबकार्डावर लिहून भिंतीला चिकटवले.

"आजपासनं ह्या घरात कुणाचं काय लिहायचं असंल तर त्याला आधी इचारायचं. अन् आजचा दिवस माझा हाय. ह्याच्यावर कुणी लिहायचं न्हाई. लिहीन तर मी लिहीन."

पुढं ही गोष्ट रीतसर झाली. दर गुरुवारी संध्याकाळी चहा झाला की ज्यानं जे लिहिलं असेल ते मोठ्यानं वाचायचं. ज्याच्याबद्दल असेल त्यानं ऐकायचं आणि पटलं तर कोपऱ्यात 'हरकत नाही' लिहून सही करायची. अण्णांनी हे नियम वर्कशॉपातल्या इन्स्पेक्शनसारखे पाळले. दादानं एकदा मांजरीवर कविता केली तर तिचा पंजा शाईत बुडवून कागदाच्या कोपऱ्यात उमटवला होता. आई गुरुवारी कधी वाचायची नाही. ती भाजी निवडत ऐकायची आणि मधेच म्हणायची, माणूस असं बोलत नाही. बस, एवढंच. मग ते वाक्य पुन्हा लिहायचं. माझ्या कथांमधली माणसं जरा बरी बोलतात असं कुणी म्हणालं तर त्याचं श्रेय कुणाचं हे मला ठाऊक आहे. तुझ्या त्या दिवसाचं कधी वाचणार, असं तिला विचारलं की ती म्हणायची, लिहीन की.

अण्णांनी मात्र त्यानंतर एकही नाटक लिहिलं नाही. ढाल ट्रंकेत गेली, कपड्यांच्या खाली. ते पुढं मोठ्या कंपनीत लागले, तिथं सुरक्षा सप्ताहात घोषवाक्यांची स्पर्धा असायची. अण्णा घोषवाक्यं लिहायला लागले. घोषवाक्यात कुणाची बायको नसते. आमच्या घरातले स्टीलचे झाडून सगळे डबे घोषवाक्यांची बक्षिसं आहेत, आणि त्या डब्यांकडे बघून मला लहानपणी अभिमान वाटायचा. मोठेपणी वाईट वाटायला लागलं. एकदा कारण विचारलं तर म्हणाले, नाटक लिहिलं म्हणून बायको घर सोडून निघाली होती, तुम्हा पोरांसाठी परत आली, आता पुन्हा कशाला. एवढं बोलून त्यांनी विषय बदलला.

मी हे ऐकलं आणि मनात जपून ठेवलं. लिहिणाऱ्या माणसाला घरात ठेवू नये म्हणतात ते उगाच नाही.

तीसएक वर्षं गेली. भोसरीची चाळ सुटली, आई-अण्णा मोशीला दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आले, मोठ्या कंपनीतल्या प्रेस शॉपच्या आवाजानं अण्णांना कमी ऐकू यायला लागलं आणि कानात मशीन आलं. मी कादंबरी लिहायला घेतली. आमच्यावरच, पण जरा वेगळ्या रंगात. माझ्या कादंबरीतलं कुटुंब कुरुळीत राहतं. वडील लेथवर नसतात, टेम्पो चालवतात आणि कीर्तनं लिहितात. दादाच्या जागी मी बहीण केली. प्रकरण झालं की गुरुवारी वाचायचं आणि सही घ्यायची. अण्णा म्हणाले, मला वाईट दाखवलंस तरी चालेल पण तोंडात संवाद चांगले दे, आणि न ऐकताच सह्या करून मोकळे झाले. दादाची हरकत अशी की बहीण केलीसच आहेस तर निदान तिचे केस तरी दाट ठेव. ठेवले. आईनं सात प्रकरणं नीट ऐकून सह्या केल्या.

आठवं प्रकरण मी वाचलंच नाही.

आठव्यात तो दिवस होता. मी स्वतःला बरीच कारणं दिली. ही कादंबरी आहे, ती बाई म्हणजे काही आई नाही. कुलूप लावलेल्या दाराशी मी पण उभी होते, म्हणजे दिवस माझाही आहे. आईनं तीस वर्षांत लिहिलं नाही म्हणजे आता लिहिणार नाही. यातलं एकही कारण तिच्यासमोर टिकणारं नव्हतं, म्हणून तर वाचलं नाही. प्रकाशकांकडच्या संपादक बाईंचा फोन आला, मी कंपनीत प्रॉडक्शन लाइनवर होते. त्या म्हणाल्या, आठवं प्रकरण हा पुस्तकाचा जीव आहे, ते वाचून मी रडले. त्या दिवशी मी एक चुकीचा पार्ट पास करता करता राहिले, इतकी हवेत होते.

मग छापण्याआधीची प्रुफं आली. घरी आनंदीआनंद. अण्णांचा हट्ट की आता सगळं सलग ऐकायचं. मी पहिली पाळी करून गुरुवारी पाचला पोचायचे आणि दोन-तीन प्रकरणं वाचायचे. तिसऱ्या गुरुवारी सातवं संपलं, मी पानं उलटून नववं सुरू केलं. अण्णा ऐकत होते, दादा मोबाइल बघत ऐकल्यासारखं करत होता. आई मेथी निवडत होती. तिनं मान वर न करता विचारलं, सातव्यानंतर नववं कसं आलं. मी म्हटलं, आठवं अजून कच्चं आहे. ती म्हणाली, छापायला गेलेलं कच्चं कसं राहील, वाच.

वाचलं. माझ्या प्रकरणातली बाई जांभळी साडी नेसून घराला कुलूप लावते. एसटी स्टँडवर जाते. गावाकडची गाडी लागते आणि सुटते, दुसरी लागते आणि सुटते, आणि ती बाकावर पदर तोंडाला लावून रडत बसते. शेवटी मुलांचे चेहरे आठवून परत फिरते. मटारही होते. शेवटची ओळ मी मुद्दाम सावकाश वाचली, हे कबूल करायला मला आता लाज वाटते.

वाचून झालं. मेथीच्या काड्या एकीकडे, पानं एकीकडे. आई म्हणाली, "मी कुठं रडले गं? तू कशाला रडवलालीस मला?" आणि मग, अगदी साध्या आवाजात, "हे काढ."

मी भडकले. माझा स्वभाव तसा, आणि चूक माझी असली की जरा जास्तच. मी म्हटलं, पुस्तक छपाईला निघालंय, हेच प्रकरण सगळ्यात चांगलं आहे, आणि तो दिवस तू तीस वर्षं कुलपात घालून ठेवलास, ना स्वतः लिहिलास ना दुसऱ्याला लिहू दिलास. हे आईला बोलण्यासारखं नव्हतं. दादानं मोबाइल खाली ठेवला.

आईच्या आधी बोलले ते अण्णा. त्यांना वाटलं असावं की आता मिटवायला पाहिजे. ते म्हणाले, "पोरीचं काय चुकलं? बरोबर लिहिलंय तिनं. माझ्यामुळंच निघाली होतीस की तू गावाकडं."

आईचे हात थांबले. ती अण्णांकडे बघत राहिली. एवढ्या वर्षांत हे वाक्य त्या दोघांमध्ये कधी उच्चारलंच गेलं नव्हतं, ते मला तेव्हा कळलं. तिनं विचारलं, इतकी वर्षं तुम्हाला असं वाटतंय व्हय. अण्णा म्हणाले, मग दुसरं काय वाटावं. घराला कुलूप होतं.

आई उठली. मेथी तशीच टाकून. स्वयंपाकघराच्या दारात वळून म्हणाली की पुढचा गुरुवार तिला पाहिजे. ती वाचणार आहे.

तो आठवडा मला मोठा गेला. संपादक बाईंना मी आठ दिवस मागून घेतले, कारण सांगितलं नाही. चाकणहून येताना कुरुळी फाट्यावरच्या ट्रॅफिकमध्ये कंपनीची बस अर्धा अर्धा तास उभी असायची आणि मी त्या प्रकरणाचा मनातल्या मनात बचाव करत बसायचे. रोज थोडा कमी जमायचा. अण्णांचा मला दुपारी चोरून फोन यायचा. म्हणायचे, ती जेवणाच्या टेबलाशी बसून लिहितेय, मला बाहेर हाकललंय, मी बागेत बसलोय. एकदा म्हणाले, ट्रंकेतली जुनी जॉबकार्डं काढून घेतलीत तिनं, कोरा कागद देत होतो तर नको म्हणाली. त्यांच्या आवाजात भीती होती. सत्तरीचा माणूस, दहावीचा निकाल लागायचा असल्यासारखा बोलत होता.

गुरुवारी दादा कामाला सुट्टी टाकून आला. आईनं चहा दिला, चष्मा लावला आणि वाचायला लागली. पाच कार्डं होती. ती पूर्ण इथं उतरवायची मला परवानगी नाही. थोडंसं सांगायची आहे.

ती एसटी स्टँडवर गेलीच नव्हती. ती चिंचवडला गेली होती, नाटक बघायला. सगळी चाळ ज्या नाटकावरून हसत होती ते आपण बघितलंसुद्धा नाही, तर भांडायचं कशाच्या जोरावर, असं तिला वाटलं. बघून यायचं आणि मग नवऱ्याला धारेवर धरायचं, असं ठरवून ती निघाली होती. बोलणं सगळं तयार होतं. दोन बस बदलून पोचली आणि अंधारात मागं जाऊन बसली. नाटक सुरू झालं, आणि तिचंच बोलणं, तिची प्रत्येक ओळ, समोरून तिच्यावर यायला लागली. पुढं तिनं जे लिहिलं होतं ते असं:

"रागवायला गेले अन् हसून आले. पोट दुखेपर्यंत हसले. माझ्या शेजारी एक अनोळखी बाई होती, ती मला हसता हसता म्हणाली, काय लिहिलंय हो. मी म्हटलं, व्हय. मग बक्षीस जाहीर झालं. ह्यांचं नाव घेतलं. मी टाळ्या वाजवल्या. वाजवता वाजवता वाटलं, आता माझं पण नाव घेतील. घेतलं न्हाई. मग मी मंडईत गेले. घरी येऊन काय सांगायचं होतं? भांडावं तर नाटक चांगलं होतं. चांगलं म्हणावं तर माझं कुणी नाव घेतलं नव्हतं. दोन्ही खरं होतं, अन् मला तेव्हा एका वेळी एकच बोलता यायचं. ह्यांनी पुढं नाटक लिहिलं न्हाई. मला वाटलं, ह्यांना सुचत नसेल. माझ्यामुळं थांबलेत हे मला ह्या गेल्या गुरुवारी कळलं. कळलं असतं तर तेव्हाच सांगितलं असतं."

तिनं चष्मा काढला. मला रडू येत होतं आणि हसूही येत होतं. माझ्या आठव्या प्रकरणातली ती रडणारी बाई मला त्या क्षणी अगदी परकी आणि जराशी बावळट वाटली. मी स्वतःला मोठी लिहिणारी समजत होते, आणि घर सोडणाऱ्या बाईला रडण्यापलीकडे काही काम मला सुचलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी फोन करून ते प्रकरण काढायला सांगितलं. संपादक बाई चिडल्या, मग म्हणाल्या की पुस्तकाला खड्डा पडेल. पडला. आता सातव्यानंतर जे आठवं येतं ते खरं नववं आहे, आणि वाचणाऱ्याला तिथं काहीतरी चुकल्यासारखं वाटतं, असं दोघा-तिघांनी मला सांगितलंही. मी आईला सॉरी म्हटलं, तर ती म्हणाली, मटाराचं बरं लिहिलं होतंस.

पण त्या संध्याकाळचं अजून थोडं राहिलं आहे.

आईचं वाचून झाल्यावर अण्णांनी ती पाचही कार्डं नीट एकावर एक लावली. मला वाटलं, हा माणूस आता तीस वर्षांचा हिशेब मांडणार, तू बोलली असतीस तर मी काय काय लिहिलं असतं म्हणणार. तसं म्हणायचा त्यांना हक्क होता. त्यांनी विचारलं, कुठं बसली होतीस. आई म्हणाली, शेवटून दुसऱ्या रांगेत, कडेला. अण्णा पुढं सरकले.

"तिथपर्यंत ऐकू येत होतं का?"

"सगळं येत होतं," आई म्हणाली. "शेवटचं वाक्य तेवढं त्या नटीनं खाल्लं."

अण्णा म्हणाले, खाल्लंच. मी विंगेत कपाळावर हात मारून घेतला होता. आणि मग, जणू काही त्यांना आठवतच नाही, असा चेहरा करून त्यांनी विचारलं, कोणतं गं ते वाक्य.

आई आधी उठून स्वयंपाकघरात गेली. तिथं ओट्याशी उभी राहिली, आमच्याकडे पाठ करून. मग तीस वर्षांत आम्ही न ऐकलेला तो आवाज आला. आधी तिचा स्वतःचा, नळावरच्या भित्र्या पोरीचा: "नळ माझ्या बापानं न्हाई बसवला, पण रांगेत उभं राहायला मला माझ्या बापानं शिकवलंय." आणि लगेच चिपळूणच्या काकूंचा, जसाच्या तसा: "शिकवलान असेल गो बाय, पण पुढं सरकायचं शिकवायला विसरला असेल."

दादा आणि मी एकदम हसलो. अण्णा हसले नाहीत. त्यांनी टेबलावरचं एक कोरं राहिलेलं जॉबकार्ड ओढलं, शर्टाच्या खिशातून पेन काढलं, आणि टोपण हातात धरून थांबले. "लिहू का?" त्यांनी विचारलं.

आई ओट्याशीच होती. म्हणाली, "लिहा. पण वर आधी माझं नाव घाला."

अण्णांनी नाव घातलं. पूर्ण, माहेरच्या आडनावासकट, सावकाश. मग म्हणाले, वाक्य पुन्हा म्हण, नीट ऐकू आलं नाही. आईनं पुन्हा म्हटलं, दोन्ही आवाजांत. त्यांनी चार शब्द लिहिले, कानावर हात ठेवला आणि मान हलवली, की नाही, अजून एकदा. तिनं तिसऱ्यांदा म्हटलं, आता चांगली खणखणीत, इकडं तोंड करून. ते तिच्याकडे बघत ऐकत होते. पेन कार्डावर नुसतं टेकलेलं होतं.  त्यांच्या कानातल्या मशीनचा सेल मी आल्या आल्या स्वतः बदलला होता.